शिक्षण अर्ध्यावर असता परदेशगमन

परदेशी शिक्षणाचा प्रश्न तरुणांपुढे तीन वेळा उभा राहतो. बारावीची परीक्षा उतरल्यावर तो प्रथम येतो. पदवी पदरात पडल्यावर पुन्हा येतो. या दोन वेळांविषयी घरोघरी पुष्कळ चर्चा होते. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वेळ आहे व तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. महाविद्यालयाची एक वा दोन वर्षे पार पडलेली आहेत, अभ्यास बरा चालला आहे, आणि अशा वेळी एखादा मित्र वा नातलग परदेशातून सांगू लागतो की, तेथील विद्यापीठे दुसऱ्या संस्थेतून बदलून येणाऱ्या विद्यार्थ्यांस घेतात. मग पदवीपर्यंत थांबावयाचे कशासाठी? पहिल्या दोन प्रसंगी मागे काही मोडून जावे लागत नाही. या तिसऱ्या प्रसंगी मात्र अर्धे बांधलेले घर सोडून दुसरीकडे पाया घालावयाचा असतो. जुन्या घराचे किती दगड नव्या पायास उपयोगी पडतील, हे अगोदर मोजल्यावाचून निघणे शहाणपणाचे नव्हे.

गोमंतकास हा प्रश्न अपरिचित नाही. पणजीस १८४२ साली वैद्यकशाळा स्थापन झाली. आशिया खंडात पाश्चात्त्य वैद्यक शिकविणाऱ्या जुन्या संस्थांत तिची गणना होते. तेथून शिकून बाहेर पडलेले वैद्य गोव्यात व्यवसाय करीत, आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत नोकरीस जात. परंतु खुद्द पोर्तुगालमध्ये तेथील पदवीधरांच्या बरोबरीने उभे राहावयाचे तर लिस्बन, कोइंब्रा किंवा पोर्तु येथे जाऊन त्यांस पुन्हा शिकावे लागे. एकाच राज्यसत्तेखालील दोन संस्था. तरीही एकीचे शिक्षण दुसरीस पुरते मान्य नव्हते. कायद्याच्या पदवीसाठी तर गोमंतकीय तरुणास समुद्र ओलांडावाच लागे. शिक्षण किती झाले यापेक्षा ते कोठे मानले जाते याला अधिक किंमत असते, हा धडा पणजीच्या जुन्या पिढ्या अनुभवाने शिकल्या होत्या.

पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजादीतील तालुक्यांची वाट निराळी होती. तेथील मराठी शिकलेल्या मुलांचे पाय सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर आणि मुंबई यांकडे वळत. पेडण्याजवळच्या मांद्रे गावातून लाड कुटुंब मुंबईस गेले आणि त्या घरचा मुलगा ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली बाहेर पडला. तेच डॉ. भाऊ दाजी लाड. एल्फिन्स्टन संस्थेतील शिक्षकाची जागा सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तेरेखोल ओलांडून जाणाऱ्या त्या काळच्या मुलाच्या दृष्टीने मुंबई हे आपलेच शहर होते. परंतु राज्याच्या दृष्टीने तो परदेशच होता.

१९६१ नंतर ही परिस्थिती पालटली. १९६२ साली पणजीत धेंपे महाविद्यालय व मडगावास चौगुले महाविद्यालय निघाले. त्यांची पदवी मुंबई विद्यापीठाची असे. १९६३ मध्ये जुन्या वैद्यकशाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले. पुढे साखळीस व विर्नोड्यास सरकारी महाविद्यालये आली आणि डिचोली-पेडण्याच्या मुलामुलींस तालुक्याच्या बाहेर न पडताही पदवी मिळू लागली. शिक्षणासाठी देशांतर करण्याची जी सक्ती होती, ती संपली. आता जाणे हे निवडीचे काम आहे. आणि निवड आली म्हणजे तिच्याबरोबर जबाबदारीही येते.

या निवडीचा पहिला भाग हिशेबाचा आहे. अभ्यास मोजण्याचे हल्लीचे माप म्हणजे श्रेयांक, ज्यास विद्यार्थी क्रेडिट म्हणतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडील तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची व चार वर्षांची १६० श्रेयांकांची आहे. अमेरिकेतील पदवी चार वर्षांची असून तीही बहुधा १२० श्रेयांकांचीच असते. आकडा एकच दिसतो म्हणून विद्यार्थी फसतो. आपल्याकडे एका वर्षात ४० श्रेयांक होतात, तेथे सामान्यतः ३०. अर्थात येथील दोन वर्षांचे ८० श्रेयांक तेथे ८० म्हणून धरले जात नाहीत. फार तर दोन वर्षांचे म्हणून ६०च्या आसपास धरले जातात. त्यातूनही जो विषय तेथील अभ्यासक्रमाशी जुळत नाही, तो गळतो किंवा केवळ ऐच्छिक विषयांच्या खात्यात पडतो.

उदाहरणादाखल असे समजावे की, डिचोलीच्या एका विद्यार्थिनीची विज्ञानशाखेची दोन वर्षे झाली आहेत आणि परदेशी विद्यापीठाने तिचे ४५ श्रेयांक मान्य केले. तिला आणखी ७५ मिळवावे लागतील. दर सत्रास १५ या हिशेबाने ती पाच सत्रे, म्हणजे अडीच वर्षे झाली. घरी राहिली असती तर एका वर्षात तिला तीन वर्षांची पदवी मिळाली असती. आता दोन आणि अडीच मिळून साडेचार वर्षे होतील, व त्यांतील अडीच परदेशी खर्चाची असतील. हा व्यवहार तोट्याचाच आहे असे नव्हे. तिला हवा असलेला विषय, हवी ती प्रयोगशाळा येथे मुळीच नसेल, तर अडीच वर्षे सार्थकी लागतील. परंतु दोन वर्षे उरली आहेत असे समजून निघणे आणि अडीच वर्षे उरली आहेत हे जाणून निघणे यांत मोठा फरक आहे. पैसा संपतो तो बहुधा त्या शेवटच्या सत्रात.

यास्तव प्रवेशाचे पत्र आणि श्रेयांकांच्या मान्यतेचे पत्र या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे प्रत्येक विद्यार्थ्याने ओळखले पाहिजे. प्रवेश मिळाला म्हणजे मागचा अभ्यास मान्य झाला, असे होत नाही. कोणता विषय कोणत्या विषयाच्या जागी धरला, किती श्रेयांक दिले, पदवीसाठी त्या विद्यापीठातच किमान किती श्रेयांक मिळविणे बंधनकारक आहे, हे सर्व लेखी मागून घ्यावे. त्यासाठी आपल्या महाविद्यालयातील प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, तासांची संख्या आणि गुणपत्रके विद्यापीठाच्या शिक्क्यासह तयार ठेवावी लागतात. तेथे बहुधा श्रेयांक जमा होतात, पण येथील गुण तेथल्या सरासरीत धरले जात नाहीत. येथे पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास तेथे कोऱ्या पाटीवर आरंभ करावा लागतो. आणि येथे मागे पडलेल्यास तीच कोरी पाटी वरदान वाटते.

इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये बहुधा चार वर्षांची. तेथे काही विद्यापीठे विषय जुळल्यास थेट दुसऱ्या वर्षात घेतात. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नसते, याचा बोलबाला फार आहे. परंतु पदवीपूर्व वर्ग तेथे मुख्यतः जर्मन भाषेत चालतात, हे त्याबरोबर सांगितले जात नाही. शिवाय बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांस दर सत्रास १५०० युरो शुल्क लावले आहे. एका देशाचा नियम दुसऱ्यास लागू नाही. एका विद्यापीठाचाही दुसऱ्यास नाही.

दुसरा भाग परतण्याचा. शिक्षण घेऊन परत यावयाचे असेल तर तेथील पदवी येथे चालेल काय? काही व्यवसायांत याचे उत्तर फार कठोर आहे. वैद्यकाचेच पाहू. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशी वैद्यकीय पदवी येथे मान्य होण्यास किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम व त्यानंतर १२ महिन्यांचे प्रशिक्षण परदेशातील एकाच संस्थेत पुरे झाले पाहिजे. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असले पाहिजे. आणि त्यातील कोणताही भाग भारतात वा तिसऱ्या देशात झालेला चालत नाही. म्हणजे बांबोळीस दोन वर्षे वैद्यक शिकून उरलेली परदेशी पुरी करीन म्हणणाऱ्यास पुढे भारतात व्यवसाय करावयाचा असेल, तर ही वाट बंदच आहे. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा हजारो भारतीय वैद्यकीय विद्यार्थी शिक्षण अर्धे टाकून परतले. त्यांच्यासाठी आयोगास त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विशेष सवलत देऊन दुसऱ्या देशातील विद्यापीठांत शिकण्यास मोकळीक द्यावी लागली. आपत्तीत दिलेली सवलत ही नित्याची वाट नव्हे. पोर्तुगीज काळच्या वैद्यांस लिस्बनला जाऊन पुन्हा शिकावे लागले. आजच्या विद्यार्थ्यास तोच अनुभव उलट दिशेने येऊ शकतो.

वकिली व वास्तुविद्या यांचीही आपापली नियामक मंडळे आहेत आणि त्यांची अनुमती अगोदर पाहिली पाहिजे. साहित्य, शास्त्र, वाणिज्य यांसारख्या पदव्यांच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली परदेशी पदव्यांस समकक्षता देण्याचे नियम प्रसिद्ध केले आहेत. सरकारी नोकरी वा पुढील शिक्षण यांसाठी ही समकक्षता लागते. ती मिळण्यासारखी पदवी आपण घेत आहोत की नाही, हे विमानात बसण्यापूर्वी पाहावयाचे असते, उतरल्यावर नव्हे.

तिसरा भाग पैशाचा, आणि तेथेच कुटुंबाचे सर्वाधिक पणास लागते. परदेशी विद्यार्थी म्हणून जाणाऱ्यास वर्षभराचा निर्वाह करण्याची ऐपत आधी दाखवावी लागते. जर्मनीसाठी सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षास ११,९०४ युरो झाली. कॅनडाने जानेवारी २०२४ पासून आपली १०,००० डॉलरची अट एकदम २०,६३५ डॉलर केली, व त्याच महिन्यात विद्यार्थी-परवान्यांच्या संख्येवरही मर्यादा घातली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. परक्या राज्याचे नियम विद्यार्थ्याच्या सोयीने बदलत नाहीत, आणि चार वर्षांचा बेत आखणाऱ्यास त्यांत दोनदा बदल पाहावा लागतो. शिकता शिकता काम करीन व शिक्षण संपल्यावर तेथेच नोकरी धरून कर्ज फेडीन, एवढ्या एका आशेवर सर्व हिशेब उभारणे धोक्याचे आहे. ती आशा खरी ठरली तर उत्तमच. परंतु ती ठरली नाही तरी कर्ज फिटेल काय, हा खरा प्रश्न होय.

गोव्यात याला आणखी एक बाजू आहे. बँकांच्या शैक्षणिक कर्जयोजनेत सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपेक्षा अधिक रकमेस तारण लागते, आणि बहुतेक घरांत तारण म्हणजे घर वा जमीन. येथील समान नागरी कायद्याप्रमाणे, निराळा करार नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. म्हणून एकट्या वडिलांच्या सहीने ती गहाण पडत नाही, आईचीही संमती लागते. जमीन आजोबांच्या नावावरच राहिली असेल व वाटणी झाली नसेल, तर काका, आत्या आणि त्यांचे वारस हे सर्व त्यात येतात. खाणी २०१२ साली व पुन्हा २०१८ साली थांबल्या तेव्हा डिचोली तालुक्यात ट्रक आणि यंत्रे यांवर काढलेल्या कर्जांनी किती घरे ओढगस्तीस आली, हे तेथील लोकांस सांगावयास नको. तारण ठेवलेली वस्तू जाऊ शकते, हे त्यांनी पाहिले आहे. म्हणून विद्यार्थ्याने सही मागण्यापूर्वी संपूर्ण खर्च, अगदी त्या जादा सत्रासह, वडीलधाऱ्यांपुढे कागदावर मांडावा. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जयोजनेचीही चौकशी आधी करावी. सरकारी शिष्यवृत्त्यांचा ओघ पदव्युत्तर शिक्षणाकडे अधिक आहे, ही गोष्टही पदवी संपेपर्यंत थांबण्याच्या बाजूने बोलते.

पोर्तुगीज नागरिकत्वाचा विषयही येथे टाळता येत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस व त्यांच्या वंशजांस पोर्तुगीज कायद्याच्या अटींनुसार त्या नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. त्या आधाराने युरोपात कमी शुल्कात शिकता येईल, असा विचार अनेक घरांत होतो. त्यात तथ्य आहे. परंतु दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर २०२१-२२ च्या शैक्षणिक वर्षापासून इंग्लंडमध्ये नव्याने येणाऱ्या युरोपीय नागरिकांस सामान्यतः परदेशी विद्यार्थ्यांचेच शुल्क पडते. ती जुनी सोय तेथे उरलेली नाही. आणि दुसरी याहून गंभीर. भारतीय कायद्यास दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. स्वेच्छेने परके नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. मतदानाचा हक्क जातो, सरकारी सेवेची दारे मिटतात. तीन वर्षांच्या शुल्कातील सवलतीसाठी जन्मभराचा निर्णय करावयाचा असेल, तर तो जन्मभराचा म्हणूनच करावा.

परतीची वाट राखून ठेवणे किती महत्त्वाचे असते, याचे मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेत आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये तेथून लंडनला येऊन त्यांनी अर्थशास्त्राच्या अभ्यासास व बॅरिस्टरीस आरंभ केला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली. मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठविला, शाहू महाराजांचे व एका पारशी मित्राचे साहाय्य घेतले, आणि १९२० साली ते लंडनला परतले. १९२३ मध्ये त्यांस डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली. असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्यासही पैशाने अडविले. आणि पुढे त्याचे काम साधले ते त्या राखून ठेवलेल्या परवानगीमुळे.

आजच्या विद्यार्थ्यास अशी दारे पूर्वीपेक्षा अधिक उघडी आहेत. नव्या रचनेत पहिले वर्ष पुरे करून ठरलेला व्यवसायविषयक भाग केल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पुरी करता येते. मिळविलेले श्रेयांक राष्ट्रीय श्रेयांक-पेढीत जमा राहतात. म्हणून जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जाऊ नये. जे मिळविले त्याचा कागद घेऊन जावे. प्रवेशपत्र, श्रेयांकांची मान्यता, पैशाची सोय व व्हिसा ही चारही हाती येईपर्यंत येथील जागा सोडू नये. ही पत्रे मध्यस्थाच्या हातून न घेता विद्यापीठाकडून थेट पडताळून घ्यावीत. कॅनडात गेलेल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे मध्यस्थांनी बनावट दिली होती, हे २०२३ साली उघडकीस आले, तेव्हा त्यांतील काहींची तेथील शिक्षणाची वर्षे आधीच होऊन गेलेली होती.

शिवाय जाणे किंवा न जाणे एवढे दोनच मार्ग नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी भारतीय व परदेशी विद्यापीठांस जोडअभ्यासक्रम चालविण्याची मुभा दिली आहे. त्यांच्या एका प्रकारात पदवीचे ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी मिळविता येतात आणि पदवी येथलीच राहते. आपल्या विद्यापीठाचा असा करार आहे काय, हे विचारण्यास काही लागत नाही. चौथे वर्ष येथेच करून पदव्युत्तर शिक्षणास जाणे हा मार्गही आहेच. चार वर्षांची पदवी हाती असल्यास परदेशात प्रवेशाची वाट पुष्कळ सुकर होते.

मग बदली घ्यावी ती कोणी? ज्याचा विषय येथे शिकविला जात नाही आणि तेथे उत्तम शिकविला जातो, ज्याचा मागचा बहुतेक अभ्यास लेखी मान्य झाला आहे, ज्याच्या घरचे छप्पर तारणात नाही किंवा असले तरी सुटण्यासारखे आहे, आणि जो येथल्या कंटाळ्यापासून पळत नाही, त्याने अवश्य जावे. न आवडणारा वर्ग, बिघडलेली मैत्री, एखाद्या विषयातील अपयश, यांतून सुटका म्हणून जाणाऱ्यास तीच दुःखे परक्या भाषेत भेटतात. हा भेद दुसऱ्या कोणास बाहेरून ओळखता येत नाही. तो विद्यार्थ्यानेच प्रामाणिकपणे ओळखावयाचा असतो. आणि आईवडिलांनीही मुलाच्या हौसेस नकार देण्यापूर्वी त्याचा हिशेब ऐकून घ्यावा, त्याला होकार देण्यापूर्वी तो तपासून पाहावा.

आज विमान मोपाहून, पेडणे तालुक्याच्याच भूमीवरून उडते. पूर्वी ज्या गावांतून बेळगावास पोचण्यास दिवस लागे, तेथून जगाचे अंतर तासांवर आले आहे. अंतर कमी झाले म्हणून निर्णय लहान झाला, असे मात्र नाही. जाणाऱ्याने कागद पुरे करून जावे, राहणाऱ्याने कमीपणा मानून राहू नये. चार वर्षांनंतर जे शिक्षण हाती येईल ते पुरे, मान्य आणि आपल्या कुटुंबास झेपलेले असावे, एवढेच या सर्व विचाराचे सार आहे.